मल्लसभेचे पाप

आखाड्यात माणसे कशी मेली ह्यावर दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो आहे, असे घरात सांगितले तेव्हा सौभाग्यवती हातातला सोऱ्या तसाच धरून माजघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सणासुदीला दुसरे काही सुचत नाही का तुम्हांला?" मी म्हणालो, "अहो, दिवाळीची पहिली पहाटच मुळी एका वधाने उजाडते." नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून कित्येक घरी अंगणात पायाखाली कारीट चिरडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात, आणि मगच फराळाच्या ताटावर बसतात. आधी कडू, मग गोड, हा क्रम आपल्या पूर्वजांनीच घालून दिलेला आहे. वाचकांनी ह्या लेखाला कारीट समजावे आणि तो संपला की खुशाल अनारशाकडे वळावे.

आमचे इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. गाव लहान, पण पुरातत्त्वाच्या ग्रंथांत त्याचे नाव मोठे. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, म्हणजे सांकळिया, ढवळीकर, अन्सारी आदी विद्वानांनी, इथली टेकाडे उकरली आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ह्या काळात नांदलेली शेतकऱ्यांची एक वस्ती उजेडात आणली. घरांच्या जमिनीखाली माणसे पुरलेली निघाली. लहान मुले तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत, आणि मोठी माणसे उताणी, पण घोट्यापासून पाय तोडलेली! मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क आहे. हाडांवरून तज्ज्ञांनी त्या माणसांची वये सांगितली, दातांच्या किडीवरून ती काय खात असावीत ते ताडले. अशा गावात लहानाचा मोठा झाल्यामुळे माझी एक भाबडी समजूत होऊन बसली होती की, माणसाचे सगळे त्याच्या हाडांत लिहिलेले असते. वाचणारा मात्र हवा.

पण एक मरण असे आहे की जे पुष्कळदा हाडांना ठाऊकच नसते. ते म्हणजे ठोशाचे मरण. सुकलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतला गोटा खडखडतो. करवंटीला मात्र ओरखडादेखील नसतो. मुष्टियोद्ध्याचे तसेच होते. ठोसा हनुवटीच्या कडेला बसला की मान झटक्याने वळते. कवटी वळते, पण आत पाण्यात तरंगणारा मेंदू क्षणभर मागे राहतो. मेंदूकडून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्या हिसक्याने तुटतात, आवरणाखाली रक्त साचू लागते आणि कवटीत जागा नसल्यामुळे ते मेंदूलाच दाबीत जाते. कधी कधी तो गडी स्वतःच्या पायांनी आपल्या कोपऱ्यात जातो, पाणी मागतो, आणि मग कोसळतो. तीन हजार वर्षांनी त्याचे थडगे उकरणाऱ्याला एक धडधाकट तरुणाची कवटी सापडेल, आणि तो वहीत लिहील की मृत्यूचे कारण कळत नाही.

मग साक्ष काढायची कोणाची? जे भोवती बसून बघत होते त्यांची.

ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळी ओळखली गेली होती. भागवताच्या दशमस्कंधात कंसाच्या मल्लसभेचे वर्णन आहे. मथुरेचा आखाडा सजला आहे, नगारे वाजत आहेत, आणि समोर चाणूर व मुष्टिक हे दोन डोंगराएवढे मल्ल उभे आहेत. त्यातल्या दुसऱ्याचे नावच मुष्टिक, म्हणजे ठोशाचा बहाद्दर! चाणूर कृष्णाला कुस्तीचे आव्हान देतो तेव्हा कृष्ण काय म्हणतो हे फार थोड्यांच्या लक्षात असते. तो म्हणतो, आम्ही लहान मुले आहो, आमच्याएवढ्यांशीच खेळू. कुस्ती रीतीप्रमाणे व्हावी, मल्लसभेत बसलेल्यांना अधर्माचा स्पर्श होऊ नये. पाप लागायचे ते मारणाऱ्याला किंवा मरणाऱ्याला, असे तो म्हणत नाही. बसलेल्यांना, म्हणतो! आणि पुढच्याच अध्यायात, विजोड कुस्ती सुरू झालेली पाहून, मथुरेच्या बायका आपसांत तेच बोलतात. राजाच्या देखत बलवान आणि दुर्बळ ह्यांना झुंजवीत आहेत, हा सभेतल्या साऱ्यांचाच मोठा अधर्म आहे. शहाण्याने अशा सभेत पाऊलच टाकू नये. कृष्णाने चाणूराला लोळवले आणि बलरामाने मुष्टिकाला, हे आपण कीर्तनात टाळ्या वाजवून ऐकतो. त्या बायकांचे बोलणे मात्र बुवा बहुधा गाळतात. मल्ल मेल्यावर कंस पहिली गोष्ट करतो ती वाद्ये थांबवण्याची. कुस्ती थांबवण्याचे त्याला आधी सुचले नव्हते.

हा विजोडपणा टाळण्याची खटपट जाणत्या राजांनी केलेली दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. जुनी मराठी पदे ज्यात सापडतात तोच हा ग्रंथ. त्यात 'मल्लविनोद' म्हणून एक प्रकरण आहे आणि त्यात मल्लांची प्रतवारी लावली आहे. ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल, अशी ती नावे. आजच्या वजनगटांचे हे पणजोबाच म्हणायचे. अर्थात त्याच ग्रंथात जीव घेईपर्यंत चालणाऱ्या झुंजींचाही एक 'विनोद' सांगितला आहे, तेव्हा सोमेश्वराला फार साधू समजण्याचे कारण नाही.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. तो बडोद्यात घडला. बडोदे गुजरातेत खरे, पण बडोद्याचे गायकवाड घराणे मूळचे आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या दावडीचे, म्हणजे दोन ओढे पलीकडले. खंडेराव महाराज १८५६ साली गादीवर आले आणि १८७० साली वारले. शौक म्हणजे किती असावेत! हत्तींच्या टकरी, हिरे, मोती. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर घालण्यासाठी त्यांनी मोत्यांनी मढवलेले वस्त्र करविले, ते आजही जगात नावाजलेले आहे. आणि ह्या सगळ्यांवर ताण म्हणजे कुस्ती.

लुई रुसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी त्या दिवसांत त्यांचा पाहुणा होता. त्याने आपल्या प्रवासाचा मोठा सचित्र ग्रंथ पुढे १८७५ साली पॅरिसला छापला. त्यात बडोद्याच्या एका विशेष कुस्तीची हकीकत आहे. तिचे नाव त्याने आपल्या फ्रेंच कानांनी ऐकून जसे लिहिले आहे त्यावरून ती 'नखीची कुस्ती' असली पाहिजे. उजव्या हाताची मूठ वळायची आणि तिच्यावर शिंगाची टोकदार नखी वाद्यांनी घट्ट बांधायची. पूर्वी ही नखी पोलादाची असे. पण त्यात एकाचा तरी जीव जाई, म्हणून तेवढी दया करून शिंगाची केली होती. आपल्या पुराणग्रंथांतली वज्रमुष्टी ती हीच. गडी भांग आणि अफू घेऊन, गळ्यांत हार घालून, गात गात एकमेकांवर धावून येत आणि मुठीने डोके व कपाळ फाडीत. काही क्षणांत अंगे रक्ताने न्हाऊन निघत.

रुसलेची नजर मोठी शोधक. तो आखाड्याकडे जितका बघतो तितकाच सिंहासनाकडे. महाराजांचे डोळे विस्फारलेले आहेत, मानेच्या शिरा फुगल्या आहेत, आणि आखाड्यात पैलवान जसा हात फेकतो तसा बसल्या जागी महाराजांचाही हात फिरतो आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. वाचकांनी हसू नये. टी. व्ही.समोर बसून सामना बघताना आपले पायही पलंगाखाली हलतातच.

त्या दिवशी एका जोडीत घोटाळा झाला. दोघांपैकी एकाला भांग पुरती चढली नव्हती. पहिले दोनचार तडाखे बसताच तो शुद्धीवरचा माणूस घाबरला आणि माघार घेऊ लागला. प्रतिस्पर्ध्याने त्याला पाडले, दोघे मातीत लोळले, आणि खालच्याने गयावया सुरू केली. इथे जे घडले ते नीट लक्षात घ्यावे. वरचा गडी थांबला. नशेत होता, रक्ताने माखला होता, तरी थांबला. आणि ह्याला उठू द्यायचे काय, अशा नजरेने त्याने महाराजांकडे पाहिले. साऱ्या मैदानात थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. आणि महाराज ओरडले, "मारो! मारो!"

खालच्याच्या डोक्याची कातडी सोलून निघाली. त्याला उचलून नेले तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती. रुसले म्हणतो, मला किळस आली. महाराजांना काय वाटेल ह्याची पर्वा न करता मी उठून चालता झालो. एरवी जिंकणाऱ्या मल्लाला, त्याच्या कपाळाची लक्तरे लोंबत असतानाच, महाराज मोत्यांचा कंठा घालीत.

खंडेराव महाराज काही क्रूरकर्मा नव्हते. गायकवाडांच्या इतिहासात त्यांच्याविषयी चार बरे शब्दही आहेत. म्हणून तर मला हा प्रसंग अधिक भिववतो. राक्षस "मारो" म्हणाला असता तर त्यात नवल ते काय? पण बरा, उदार, हौशी माणूस, भोवती हजारोंचा कल्लोळ, मानेच्या शिरा फुगलेल्या, अशा वेळी त्याच्या तोंडून जो शब्द आपोआप निघतो तो 'थांब' नसतो. महाराजांच्या जागी मी असतो तर? ह्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, ते पुढे येईल.

म्हैसूरकडे ही विद्या वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या दसऱ्याला, विजयादशमीच्या दिवशी, राजवाड्याच्या अंगणात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टीची झुंज अजून होते. डोकी तासलेली, मुठीत नखी. पण नियम असा की, डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज संपली. काही क्षणांचा मामला. विद्या तीच, हत्यार तेच, दोन्हीकडे राजाही समोर. फरक एवढाच की एका ठिकाणी थांबण्याची खूण आधी ठरवून ठेवली होती, आणि दुसरीकडे ती महाराजांच्या लहरीवर सोडली होती.

विलायतेतल्या मुष्टियुद्धाची कथाही ह्याहून निराळी नाही. आरंभी तिथे उघड्या मुठींनी लढत. जॅक ब्रॉटन हा त्यांचा मोठा मल्ल. १७४१ साली त्याच्याशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन नावाचा गडी त्या मारामुळे पुढे मेला आणि त्या दुःखाने ब्रॉटनने १७४३ साली नियम लिहिले, अशी परंपरागत कथा आहे. पडलेल्याला मारायचे नाही, हा त्यातला मुख्य नियम. १८६७ साली मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी ह्यांच्या नावाने आणखी नियम आले: तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याने दहा आकडे मोजेपर्यंत उठायचे, आणि हातांत मोजे. मोजे घालतात ते समोरच्याच्या डोक्याची काळजी म्हणून, असे आपल्याला वाटते. वस्तुतः मोज्याने जपला जातो तो मारणाऱ्याचा हात! उघड्या मुठीने कवटीवर जोराने मारले तर बोटांची हाडे मोडतात, म्हणून जुने लढवय्ये डोक्यावर बेताने मारीत. मोजे आले आणि डोक्यावर हवे तितके, हवे तसे मारण्याची सोय झाली. दयेपोटी केलेली सुधारणा कोणाच्या पथ्यावर पडेल ह्याचा नेम नसतो.

आता एका क्यूबन तरुणाची हकीकत सांगतो. आमच्या भागाला ती परकी वाटणार नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या खोपी पडतात, आणि शाळेच्या वयाची पोरे कोयता हातात घेऊन फडात उतरलेली दिसतात. बेनी पॅरेट असाच क्यूबातल्या उसाच्या फडात वाढलेला, अक्षरशत्रू मुलगा. कोयता टाकून त्याने मोजे चढवले आणि तो अमेरिकेत वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. एमिल ग्रिफिथ हा त्याचा प्रतिस्पर्धी. १९६१ च्या एप्रिलात ग्रिफिथने त्याला हरवले, सप्टेंबरात पॅरेटने किताब परत मिळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला वरच्या गटातल्या जीन फुलमरपुढे उभे केले, आणि फुलमरने त्याला असा बडवला की एखाद्याने वर्षभर विश्रांती घेतली असती. पॅरेटला मिळाले जेमतेम साडेतीन महिने. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ग्रिफिथशी तिसरी लढत ठरली.

वजन करतेवेळी पॅरेटने ग्रिफिथला एक झोंबणारा अपशब्द वापरला होता, त्याचा राग ग्रिफिथच्या डोक्यात होता. सहाव्या फेरीत पॅरेटनेच त्याला खाली पाडले. पण बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात सापडला. त्याचे डोके दोरांच्या बाहेर गेले, हात खाली आले, आणि ग्रिफिथ मारीत राहिला. पंच होता रूबी गोल्डस्टीन. स्वतः एके काळचा चांगला मुष्टियोद्धा आणि नावाजलेला पंच. तो दोन पावलांवर उभा होता. त्याने मध्ये पडून ग्रिफिथला ओढले, पण त्याआधी जे क्षण गेले ते गेले. पॅरेट दोरांना धरून सावकाश खाली घसरला. १० दिवसांनी, ३ एप्रिलला, तो रुग्णालयात वारला. वय २५. ही लढत दूरचित्रवाणीवरून चालू होती. अमेरिकेतल्या घराघरांतून लोकांनी जेवणाखाणाच्या गप्पा मारीत एक माणूस मरताना पाहिला.

चौकशी झाली, तीत गोल्डस्टीनवर ठपका आला नाही. पण पुढे तो पंच म्हणून जवळजवळ उभा राहिलाच नाही. ग्रिफिथ १९७७ पर्यंत लढला. मात्र त्या रात्रीनंतर समोरच्याला पूर्ण जोराने मारण्याची आपल्याला भीती वाटे, असे तो सांगे. त्याला स्वप्ने पडत. पुष्कळ वर्षांनी पॅरेटच्या मुलाने त्याला भेटून मिठी मारली, तेव्हा दोघे रडले.

दुसरी हकीकत आपल्या १९८२ च्या दिवाळीतली आहे. १३ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या लास व्हेगासमध्ये कोरियाचा डुक कू किम आणि रे मॅन्सिनी ह्यांची १५ फेऱ्यांची लढत होती. किम गरिबाचा पोर. तेरा फेऱ्या दोघांनी एकमेकांना झोडले. चौदावी सुरू होताच मॅन्सिनीचा उजवा ठोसा बसला आणि किम पडला. दोराला धरून उठलादेखील, पण लगेच बेशुद्ध झाला. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचे दिवे लागले त्या दिवशी तो यंत्रांवर श्वास घेत होता, आणि तीनचार दिवसांत गेला. काही महिन्यांनी त्याच्या आईने जीव दिला. पुढच्या जुलैत त्या लढतीच्या पंचानेही. एका ठोशाने किती घरे पडावीत! त्यानंतर १५ फेऱ्यांच्या १२ झाल्या. ब्रॉटनपासूनचा तोच रिवाज, आधी माणूस, मग नियम. किम मेला तेव्हा त्याचे मूल पोटात होते. तो मुलगा मोठा झाला आणि २०११ साली आईला घेऊन मॅन्सिनीच्या घरी जाऊन त्याला भेटला.

आपल्या देशात त्याच आठवड्यात दिल्लीचे आशियाई खेळ सुरू झाले, आणि कौर सिंगने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक आणले. हा खेळ आपल्याकडे आला तो छावण्यांतून. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात आपले मुष्टियोद्धे प्रथम उतरले. १९८८ साली सोलला आपला मनोज पिंगळे गेला. आज पुण्यात लष्कराच्या क्रीडासंस्थेत खेड्यापाड्यांतली मुले हे शिकतात. चांगली शिकतात. बंद करा, असे म्हणणारेही जगात आहेत. स्वीडनने १९७० साली धंदेवाईक मुष्टियुद्ध बंद केलेही होते, आणि २००६ नंतर पुन्हा वाट मोकळी केली. मी त्या वादात शिरत नाही. कारण आमच्याकडे बॉक्सिंग नाही, आमच्याकडे लाल माती आहे, आणि मातीतही मान मोडते. २०१८ साली पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याला जत्रेच्या कुस्तीत वीस वर्षांचा एक पैलवान मानेवर पडला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वारला. कोल्हापूरची माती! जिथल्या वस्तादांना मानेचे एकूण एक मणके पाठ, तिथे हे घडले.

आता महाराजांच्या जागी मी असतो तर काय केले असते, ते सांगतो.

आमच्या जत्रेत दुपारी तीनला कुस्त्या सुरू होतात. आधी लहान पोरांच्या, रेवड्यांवर आणि नारळावर; मग दहा-वीस रुपयांच्या, आणि शेवटी इनामाची मोठी. मास्तर म्हणून नावे पुकारण्याचे काम माझ्याकडे असे. एके वर्षी पंचांपैकी एकजण तापाने पडला आणि शिट्टी माझ्या हाती आली. माझ्याच आठवीच्या वर्गातला एक मुलगा लंगोट लावून पुढे आला. काटक, चपळ. समोर आला तो शेजारच्या गावचा, तालमीत राहून आलेला, वजनाने दहा-बारा किलोंनी तरी भारी. मी म्हणालो, ही जोड बसत नाही. त्यावर पारावरून आवाज आला, "मास्तर, लावा की! आपलं पोरगं काय कच्चं न्हाई." हलगी कडाडली. मुलाने माझ्याकडे पाहिले, त्याच्या डोळ्यांत नुसती हौस होती. मी दोघांचे हात एकमेकांना दिले.

पोरगे खरोखरच कच्चे नव्हते. दोन वेळा खालून निसटले. तिसऱ्या वेळी त्या थोराड मुलाने ढाक मारली, पण आमचा पाठ लावू देईना. मानेवर आणि टाचांवर अंगाची कमान करून अडून राहिला. वरून सगळे वजन. चेहरा आधी लाल, मग काळवंडलेला. वरचा मुलगाही बावरला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. होय, अगदी तसेच पाहिले. सारे मैदान उभे होते, हलगीवाला बेभान झाला होता, माझ्या गावाचे पोर हरत नव्हते, आणि शिट्टी माझ्या ओठांत होती. मी फुंकली नाही. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही, लोक म्हणतात मी "सोडू नको!" म्हणत होतो. कोणाला उद्देशून, ते मलाही सांगता येणार नाही.

ओल्या फोकासारखा काट्कन आवाज आला. हलगी बंद पडली.

जीपमधून आम्ही त्याला शिरूरला आणि तिथून पुण्याला नेले. देवाची कृपा, म्हणून तो वाचला. सहा महिने अंथरुणावर होता, मग चालू लागला. उजव्या हाताची तीन बोटे मात्र पहिल्यासारखी वळली नाहीत. त्याची आई एकदाच शाळेत आली. मला वाटले होते शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरे झाले असते. ती दप्तर न्यायला आली होती. पायरीवर थांबून एवढेच म्हणाली, "मास्तर, तुम्ही तर होता की तिथं."

त्यानंतर दोन वर्षे मी जत्रेला गेलो नाही. पुराणे, प्रवासवर्णने, जुनी वृत्तपत्रे हाताला लागतील तशी वाचीत सुटलो. हा लेख त्याच वाचनातून निघाला. कादंबऱ्या लिहिणारा माणूस मी, पण ह्या विषयाची कादंबरी काही केल्या होईना.

तिसऱ्या वर्षी मी पंचमंडळींपुढे एक गोष्ट मांडली, आणि बऱ्याच थट्टेनंतर ती मान्य झाली. आता जत्रेच्या दिवशी सकाळीच एका व्यापाऱ्याकडचा कांद्याचा वजनकाटा बैलगाडीतून शाळेच्या पटांगणात येतो. ज्याला कुस्ती धरायची त्याने आधी काट्यावर उभे राहायचे, वजन वहीत लिहून घ्यायचे, आणि त्या वहीवरून जोडी लावायची. मान अडली की शिट्टी, मग मैदान काहीही म्हणो. गेल्या जत्रेत मी तीन कुस्त्या अशा सोडवल्या, तेव्हा फेटे उडायचे ते उडालेच नाहीत, आणि एका म्हाताऱ्या पैलवानाने मला ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "काय वो मास्तर, पोरं तोलताय का कांदं?" पोरे खदखदून हसली. पण रांगेतून कोणी हलले नाही. लंगोट्या सावरीत, पोट आत ओढीत, एकेक जण काट्यावर चढत राहिला.

वही लिहायला माझ्या शेजारी तो बसतो. आता पंचविशीचा आहे, त्याचा ट्रॅक्टरचा धंदा आहे. डाव्या हाताने लिहितो, आणि अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे.